पेशींची पकड आणि चाल: फॅक प्रथिनाचे कार्य प्रयोगशाळेत कसे तपासावे

पेशी पृष्ठभागावरून पुढे सरकते तेव्हा तिला पुढच्या टोकाला नवी पकड घ्यावी लागते आणि मागच्या टोकाची जुनी पकड सोडावी लागते. या दोन्ही क्रियांचे संदेश पेशीच्या आत पोहोचवणारे एक महत्त्वाचे प्रथिन म्हणजे फोकल अ‍ॅडहीजन कायनेज, ज्याला प्रयोगशाळेत सर्रास ‘फॅक’ म्हटले जाते. एखादे औषध, वनस्पतीचा अर्क किंवा जनुकातील बदल यांमुळे पेशींची चाल मंदावल्याचे दिसले, की ‘यामागे फॅक आहे का?’ हा प्रश्न ओघानेच येतो. मात्र पुष्कळ प्रकल्पांत पेशींच्या थरात काढलेल्या ओरखड्याचे एक छायाचित्र आणि एक ब्लॉट एवढ्यावर उत्तर देऊन विषय मिटवला जातो. पेशीसंवर्धन आणि वेस्टर्न ब्लॉट यांची प्राथमिक सवय असलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या या मार्गदर्शिकेचा आग्रह एवढाच आहे, की पकड, चाल आणि फॅकची सक्रियता या तीन वेगळ्या राशी आहेत, त्या स्वतंत्रपणे मोजाव्यात आणि एकीच्या आकड्यावरून दुसरीचा अंदाज बांधू नये.

प्रयोग आखण्यापूर्वी

फॅकचे वर्णन १९९२ साली एकाहून अधिक गटांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. सुमारे १२५ किलोडाल्टन वजनाचे हे टायरोसिन कायनेज, म्हणजे प्रथिनांतल्या टायरोसिनांना फॉस्फेट लावणारे विकर, मानवात पीटीके-२ या जनुकापासून तयार होते. त्याच्या एका टोकाला फर्म नावाचा भाग असतो, मधोमध कायनेजचा भाग आणि दुसऱ्या टोकाला फॅट नावाचा भाग असतो. हा फॅट भाग पॅक्सिलिन आणि टॅलिन या पकडीच्या जागच्या प्रथिनांशी जोडला जाऊन संपूर्ण प्रथिनाला पकडीच्या जागी, म्हणजे फोकल अ‍ॅडहीजनपाशी, नेऊन बसवतो. पेशी मोकळी तरंगत असते तेव्हा फर्म भाग कायनेजवर झाकणासारखा बसून त्याला निष्क्रिय ठेवतो. इंटिग्रिनांनी, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या पकड घेणाऱ्या प्रथिनांनी, फायब्रोनेक्टिनसारख्या बाह्य प्रथिनाला धरले, की हे झाकण सुटते, टायरोसिन ३९७ या जागी फॅक स्वतःला फॉस्फेट लावून घेते आणि त्या जागेवर एसआरसी हे दुसरे कायनेज येऊन बसते. एसआरसी मग फॅकच्या ५७६ व ५७७ या टायरोसिनांना फॉस्फेट लावते आणि कायनेज पूर्ण जोमाने काम करू लागते. प्रयोगशाळेत टायरोसिन ३९७ विरुद्धची अँटिबॉडी सर्वाधिक वापरली जाते, ती या क्रमामुळेच. साखळीतली पहिली पायरी तिथे दिसते.

या विषयाची खरी मेख मात्र १९९५ साली समोर आली. फॅकचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे भ्रूण साधारण साडेआठव्या दिवसाच्या सुमारास टिकेनासे झाले आणि त्यांच्यापासून मिळवलेल्या पेशी नेहमीपेक्षा सावकाश चालत होत्या. पकडीचे मुख्य प्रथिनच नाहीसे झाले असेल तर पकडी कमी दिसाव्यात, अशी अपेक्षा कोणीही केली असती, पण त्या पेशींत फोकल अ‍ॅडहीजनांची संख्या वाढलेली होती. पुढच्या कामातून उलगडत गेले ते असे, की पकडीची उलाढाल, आणि विशेषतः जुनी पकड वेळेवर मोडणे, हे फॅकचे मोठे काम आहे. फॅकविना पेशी जागच्या जागी घोरपडीसारखी चिकटून राहते आणि म्हणूनच तिची चाल मंदावते. तेव्हा ‘चाल कमी झाली, म्हणजे पकड कमी झाली’ हे वाक्य प्रबंधात लिहिण्यापूर्वी थांबावे. ते अनेकदा वस्तुस्थितीच्या नेमके उलट असते.

पेशी कोणत्या घ्याव्यात

चाल मोजायची असेल तर मुळात चालणारी पेशी हवी. स्तनाच्या कर्करोगाची एमडीए-एमबी-२३१ ही सेल लाइन किंवा उंदराच्या फायब्रोब्लास्टची एनआयएच-३टी३ ही सेल लाइन या कामासाठी सोयीची आहे. एचईके-२९३ पेशी प्रथिने बनवून घेण्यासाठी उत्तम असल्या, तरी प्लेटला त्या सैलसर चिकटतात आणि ओरखडा काढताच त्यांचा पापुद्रा निघून येतो. त्यांच्यावर चालीचे प्रयोग करू नयेत. पुण्यात गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या परिसरात असलेल्या एनसीसीएस या राष्ट्रीय संस्थेच्या पेशीभांडारातून संशोधनासाठी सेल लाइन मिळतात, त्यामुळे शेजारच्या प्रयोगशाळेतून, कितव्या पॅसेजची आहे हे ठाऊक नसलेली बाटली उसनी आणण्यापेक्षा तो मार्ग केव्हाही बरा. पेशी आल्यावर मायकोप्लाझ्माची पीसीआर चाचणी करून घ्यावी, कारण हा संसर्ग माध्यम गढूळ न करता पेशींची वागणूक बदलतो.

फॅक नसलेले उंदराचे फायब्रोब्लास्ट वापरायला मिळाले, तर एक बाब कटाक्षाने पाळावी. या पेशी वाढत्या राहाव्यात म्हणून त्यांच्यातून पी-५३ हे जनुकही काढलेले असते. त्यामुळे त्यांची तुलना पी-५३ नसलेल्या पण फॅक असलेल्या पेशींशीच करावी. साध्या फायब्रोब्लास्टशी केलेल्या तुलनेत दोन बदल एकत्र मोजले जातात आणि कोणता परिणाम कोणाचा हे मागाहून सांगता येत नाही.

पृष्ठभाग तयार करणे

पेशीसंवर्धनाच्या प्लास्टिकवर सीरममधली फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन ही प्रथिने आपोआप बसतात. म्हणून सीरम असलेल्या माध्यमात पकडीचा प्रयोग केल्यास सगळ्याच कप्प्यांत इंटिग्रिनांना धरायला काहीतरी मिळते आणि नियंत्रणाला अर्थ उरत नाही. पृष्ठभाग आपल्या हाताने तयार करावा. फायब्रोनेक्टिन पीबीएसमध्ये दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम या प्रमाणात घेऊन ३७ अंश सेल्सिअसला एक तास, किंवा ४ अंशांवर रात्रभर ठेवावे. गोठवलेले फायब्रोनेक्टिन वितळताना नळी व्हॉर्टेक्सवर धरू नये, कारण जोरात हलवल्यास त्याचे धागे एकमेकांत गुंतून गोळे होतात. नळी हळुवार उलटसुलट करणे पुरेसे असते. लेप दिल्यावर एकदा पीबीएसने धुऊन, उष्णतेने विकृत केलेल्या १ टक्का बीएसएने (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनने) अर्धा तास मोकळ्या जागा झाकाव्यात.

याच्या जोडीला दोन नियंत्रणे हवीत. पहिल्यात फक्त बीएसए असलेला पृष्ठभाग, ज्यावर पेशी जवळपास चिकटू नयेत. दुसऱ्यात पॉली-एल-लायसिनचा लेप, ज्यावर पेशी विद्युतभारामुळे चिकटतात पण इंटिग्रिनांना खास असे काही मिळत नाही. पॉली-एल-लायसिनवर पेशी बसलेल्या असूनही फॅकचा फॉस्फेट संकेत कमी राहतो, आणि ‘नुसते चिकटणे’ व ‘इंटिग्रिनमार्फत पकड घेणे’ यांतला फरक वाचकाला एका नजरेत दाखवणारे याहून स्वस्त नियंत्रण नाही.

फॅकची सक्रियता: तरंगत्या पेशींपासून सुरुवात

प्लेटवर वाढणाऱ्या पेशींत फॅक आधीच सक्रिय असते. त्यामुळे सक्रियता वाढली की घटली हे सांगण्यासाठी तिला प्रथम खाली आणावे लागते, आणि त्यासाठी पेशी काही काळ तरंगत ठेवणे हा सर्वांत सरळ उपाय आहे.

सत्तर ते ऐंशी टक्के भरलेल्या प्लेटमधील पेशी रात्रभर सीरमविना किंवा अर्धा टक्का सीरममध्ये ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी त्या सौम्य ट्रिप्सिनने सोडवाव्यात, पण ट्रिप्सिन थांबवण्यासाठी नेहमीच्या सवयीने सीरम घालू नये. सोयाबीनपासून मिळणारा ट्रिप्सिन-रोधक वापरावा, नाहीतर सीरममधले फायब्रोनेक्टिन पेशींना तिथल्या तिथे मिळते आणि पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते. पेशी अर्धा टक्का बीएसए असलेल्या सीरमविरहित माध्यमात घेऊन ३७ अंशांवर अलगद फिरवत किमान ४५ मिनिटे ठेवाव्यात. त्यांना तासन्‌तास तरंगत ठेवू नये, कारण आधार गमावलेल्या पेशी मरणाच्या मार्गाला लागतात.

त्यानंतर फायब्रोनेक्टिनवर १५, ३० आणि ६० मिनिटे हे तीन टप्पे घ्यावेत आणि तरंगत्या पेशींचा नमुना शून्य मिनिटांचा मानावा. सगळ्या प्लेट एकाच वेळी विरघळवता याव्यात म्हणून उलट्या क्रमाने सुरुवात करावी: साठ मिनिटांची प्लेट अकराला, तीस मिनिटांची साडेअकराला, पंधरा मिनिटांची पावणेबाराला, आणि बाराच्या ठोक्याला सगळ्या प्लेट बर्फावर. यात शून्य मिनिटांचा नमुना सर्वांत जास्त वेळ तरंगतो, हे नोंदवहीत लिहून ठेवावे. पंधरा मिनिटांच्या प्लेटमध्ये काही पेशी अजून चिकटलेल्या नसतात. त्या माध्यमाबरोबर टाकून द्याव्यात आणि जेलवर नमुना भरताना प्रथिनाचे प्रमाण सारखे करून घ्यावे.

आता सर्वाधिक नुकसान करणारी चूक. चिकटलेल्या पेशींचा अर्क काढताना त्या ट्रिप्सिनने सोडवून, सेंट्रिफ्यूज करून, मग विरघळवण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे, आणि इतर प्रथिनांसाठी ती चालूनही जाते. फॅकसाठी ती सर्वस्वी अयोग्य आहे, कारण पेशी सोडवणे म्हणजेच पकड मोडणे, आणि पकड मोडली की जो संकेत मोजायचा आहे तोच त्या काही मिनिटांत ओसरतो. प्लेट थेट बर्फावर ठेवावी, माध्यम ओढून घ्यावे, व्हॅनाडेट घातलेल्या बर्फगार पीबीएसने एकदा धुवावे आणि ६० मिलिमीटरच्या प्लेटवर १०० ते १५० मायक्रोलिटर बफर ओतून पेशी स्क्रेपरने खरवडून घ्याव्यात. पंधरा मिनिटे बर्फावर ठेवल्यानंतर ४ अंशांवर, १४,००० जी वेगाने, पंधरा मिनिटे फिरवून वरचा स्वच्छ द्रव घ्यावा.

बफर म्हणून नेहमीचा रिपा पुरतो: ५० मिलिमोलर ट्रिस, १५० मिलिमोलर मीठ, १ टक्का एनपी-४०, अर्धा टक्का सोडियम डीऑक्सिकोलेट आणि ०.१ टक्का एसडीएस. त्यात प्रोटिएज-रोधकांचे मिश्रण, १० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड आणि १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट घालावे. फ्लोराइड हे सेरिन-थ्रिओनिनवरील फॉस्फेट जपते, तर टायरोसिनवरील फॉस्फेट जपण्याचे काम व्हॅनाडेटचे आहे. म्हणून फॅकसाठी व्हॅनाडेट अपरिहार्य. हे व्हॅनाडेट ‘जागे’ करून घ्यावे लागते. दोनशे मिलिमोलर द्रावणाचा सामू १० वर आणला की ते पिवळे पडते. ते रंगहीन होईपर्यंत उकळावे, थंड करावे, सामू पुन्हा १० वर आणावा, आणि थंड झाल्यावरही रंगहीन राहीपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. पिवळे द्रावण तसेच वापरले तर रोधक नावापुरताच उरतो. ईडीटीए आणि डीटीटी ही दोन्ही रसायने व्हॅनाडेट निकामी करतात, त्यामुळे ती या बफरमध्ये घालू नयेत, आणि प्रोटिएज-रोधकांची गोळीही ईडीटीए नसलेलीच मागवावी.

ब्लॉट

बीसीए पद्धतीने प्रथिन मोजून प्रत्येक लेनमध्ये २० ते ३० मायक्रोग्रॅम भरावे. फॅकच्या आकाराला ८ टक्क्यांचे जेल योग्य ठरते. मोठे प्रथिन सावकाश सरकते, म्हणून पीव्हीडीएफ पटलावर ओल्या पद्धतीने १०० व्होल्टवर दीड तास, किंवा कमी व्होल्टवर थंडीत रात्रभर, स्थानांतर करावे. ब्लॉकिंगसाठी दूध पावडरऐवजी ५ टक्के बीएसए घ्यावे, कारण दुधातले केसीन स्वतःच फॉस्फेटयुक्त असते आणि फॉस्फो-अँटिबॉडीची पार्श्वभूमी वाढवते. प्रथम टायरोसिन ३९७ फॉस्फेटची अँटिबॉडी, आणि मग त्याच नमुन्यांच्या समांतर जेलवर एकूण फॅकची अँटिबॉडी लावावी. तेच पटल धुऊन पुन्हा वापरता येते, पण धुताना थोडे प्रथिनही निघून जाते, म्हणून समांतर जेल अधिक विश्वासार्ह.

लोडिंग कंट्रोल निवडताना व्हिन्क्युलिन टाळावे. त्याचे वजन ११७ किलोडाल्टनच्या आसपास असल्याने ते फॅकच्या पट्ट्यालगत येते, आणि ते स्वतः पकडीच्या जागचेच प्रथिन आहे. जीएपीडीएच किंवा ट्यूब्युलिन घ्यावे. आकडा काढताना फॉस्फो-फॅकचे गुणोत्तर एकूण फॅकशी काढावे. ते नुसते जीएपीडीएचशी काढल्यास फॅकचे प्रमाणच घटले की सक्रियता घटली, हे कळत नाही. पट्टा पूर्ण काळा झाला असेल तर त्याचे मापन निरर्थक असते. कमी वेळाचे एक्स्पोजर घ्यावे.

आणखी एक खबरदारी. फॅकचा जवळचा भाऊबंद असलेल्या पायक-२ या प्रथिनात टायरोसिन ४०२ ही तशीच जागा आहे आणि काही अँटिबॉडी दोन्हींना चिकटतात. पायक-२ साधारण ११६ किलोडाल्टनचे असल्याने चांगल्या जेलवर ते किंचित खाली दिसते, पण घाईत चालवलेल्या जेलवर दोन्ही पट्टे मिसळतात. फॅक नसलेल्या पेशींचा नमुना एका लेनमध्ये ठेवला की शंका मिटते.

पकड मोजणे

ही चाचणी सोपी आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. ९६ कप्प्यांच्या प्लेटवर फायब्रोनेक्टिनचे ०, १, २.५, ५ आणि १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असे चढते लेप द्यावेत, प्रत्येक कप्प्यात ३० ते ५० हजार पेशी सीरमविरहित माध्यमात घालाव्यात आणि ३७ अंशांवर अर्धा तास ठेवाव्यात. मग पीबीएसने दोनदा-तीनदा धुवावे, पेशी स्थिर कराव्यात, ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून पाण्याने भरपूर धुवावे, रंग १० टक्के अ‍ॅसिटिक आम्लात सोडवावा आणि ५९० नॅनोमीटरच्या आसपास शोषण मोजावे. सगळा दोष धुण्यात येतो: पिपेटची धार पेशींवर न सोडता कप्प्याच्या भिंतीवरून ओघळू द्यावी, आणि एका प्लेटमधले सगळे कप्पे एकाच व्यक्तीने धुवावेत. सर्वाधिक मात्रेवर बहुतेक पेशी चिकटतात आणि फरक बुजतो; बदल दिसला तर तो मधल्या मात्रांवर दिसेल, म्हणून एकाच मात्रेवर ही चाचणी उरकू नये.

चाल मोजणे

ओरखड्याची चाचणी स्वस्त आणि लोकप्रिय आहे, आणि तिचे दोषही तितकेच जुने आहेत. चोवीस कप्प्यांच्या प्लेटमध्ये पेशींचा सलग थर आल्यावर २०० मायक्रोलिटरच्या टिपने, पट्टी आडवी धरून, एकाच ओढीत सरळ ओरखडा काढावा. प्लेटच्या तळाला बाहेरून, ओरखड्याला काटकोनात, मार्करने एक बारीक रेघ मारून ठेवावी, म्हणजे दर वेळी सूक्ष्मदर्शकाखाली तीच जागा सापडते. अन्यथा शून्य तासाला एक जागा आणि चोवीस तासांनी भलतीच जागा मोजली जाते. सुटलेल्या पेशी दोनदा धुऊन काढाव्यात, कमी सीरमचे माध्यम घालावे आणि ०, ६, १२ व २४ तासांनी फेज कॉन्ट्रास्टमध्ये छायाचित्रे घ्यावीत. इमेजजेमध्ये मोकळे क्षेत्रफळ मोजून, सुरुवातीच्या क्षेत्रफळातून त्या वेळचे क्षेत्रफळ वजा करून, सुरुवातीच्या क्षेत्रफळाने भागून शंभराने गुणले की भरलेल्या भागाची टक्केवारी मिळते.

चोवीस तासांत पेशी नुसत्या चालत नाहीत, त्या वाढतातही. म्हणून ओरखड्यापूर्वी दोन तास मायटोमायसिन-सी, दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम, देऊन विभाजन थांबवावे, किंवा किमान पहिल्या बारा तासांचेच आकडे निष्कर्षासाठी धरावेत. आपल्याकडे वनस्पतींच्या अर्कांवर पुष्कळ काम होते. तिथे तर त्याच मात्रेवर आणि तेवढ्याच तासांसाठी एमटीटी चाचणी (पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून दाखवणारी) आधी केलीच पाहिजे. अर्काने पेशी मरत असतील तर ओरखडा भरणार नाहीच, आणि त्याला ‘चालीचा निरोध’ म्हणणे ही दिशाभूल ठरेल.

फॅकच्या अभ्यासात आणखी एक अडचण आहे. टिपचे टोक पेशींबरोबर खालचा फायब्रोनेक्टिनचा लेपही खरवडून नेते, म्हणजे पेशींनी ज्याच्यावर चालावे तो पृष्ठभागच कप्प्यागणिक बदलतो. ५०० मायक्रोमीटरची फट सोडणारे सिलिकॉनचे इन्सर्ट वापरले तर लेप शाबूत राहतो आणि फटीची रुंदीही सारखी येते. परवडत असेल तर तोच मार्ग घ्यावा. दिशेने होणारी चाल पाहायची असेल, तर ८ मायक्रोमीटर छिद्रांच्या ट्रान्सवेल पटलाच्या खालच्या बाजूला फायब्रोनेक्टिनचा लेप देऊन पलीकडे गेलेल्या पेशी मोजाव्यात. वरच्या बाजूच्या पेशी कापसाच्या बोळ्याने पुसायला विसरू नये.

पकड मोडण्याचा वेग

वर म्हटल्याप्रमाणे फॅकचा मोठा वाटा पकड मोडण्यात आहे, पण बहुतेक प्रकल्पांत हीच राशी मोजली जात नाही, कारण त्यासाठी टर्फ सूक्ष्मदर्शक (पेशीचा फक्त काचेलगतचा थर उजळवणारा) आणि चमकत्या पॅक्सिलिनच्या जिवंत पेशी लागतात असा समज आहे. तशी सोय असेल तर उत्तमच. नसेल तर साध्या फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकावर करता येण्याजोगी नोकोडाझोलची पद्धत आहे, आणि माझ्या मते फॅकवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी करावी.

तत्त्व असे. नोकोडाझोल हे औषध सूक्ष्मनलिका, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या पोकळ नळ्या, मोडते, आणि सूक्ष्मनलिका नसताना पेशीतल्या फोकल अ‍ॅडहीजन मोठ्या आणि ठसठशीत होतात. औषध धुऊन टाकले, की सूक्ष्मनलिका झपाट्याने पुन्हा वाढतात आणि पकडीच्या जागांपर्यंत पोहोचताच त्या जागा जवळपास एकाच वेळी मोडू लागतात. सगळ्या पेशी एका तालात आल्यामुळे ठरावीक मिनिटांना स्थिर केलेल्या काचांवरूनही मोडण्याचा क्रम वाचता येतो. फॅक नसलेल्या पेशींत सूक्ष्मनलिका परत येतात, पण पकडी मोडत नाहीत. २००५ साली ही पद्धत याच निष्कर्षासह प्रसिद्ध झाली.

कृतीसाठी एनआयएच-३टी३ पेशी फायब्रोनेक्टिन लावलेल्या काचांवर वाढवून एक ते दोन दिवस सीरमविना ठेवाव्यात. १० मायक्रोमोलर नोकोडाझोल चार तास द्यावे. मग उबदार सीरमविरहित माध्यमाने नीट धुऊन ०, ५, १०, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांना एकेक काच ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये पंधरा मिनिटे बुडवावी. माध्यम फ्रिजमधून काढून थेट वापरू नये, कारण थंडीने सूक्ष्मनलिका पुन्हा मोडतात. ०.१ टक्का ट्रायटनने पेशी सच्छिद्र करून व्हिन्क्युलिन किंवा पॅक्सिलिनची अँटिबॉडी, अ‍ॅक्टिनसाठी फॅलॉयडिन आणि केंद्रकासाठी डॅपी लावावे. शून्य मिनिटांच्या आणि तीस मिनिटांच्या काचेवर ट्यूब्युलिनही रंगवून पाहावे, म्हणजे नलिका खरोखर मोडल्या होत्या आणि परतल्या आहेत याची खात्री होते. साध्या पेशींत पंधरा ते तीस मिनिटांदरम्यान पकडीचे आडवे-उभे रेघाळ ठिपके बहुतांशी नाहीसे होतात आणि तास-दोन तासांत पुन्हा उमटतात. मोजताना काचांवरची नावे कागदाने झाकावीत आणि कोणती काच कोणती हे दुसऱ्याकडे नोंदवून ठेवावे. डोळ्याला जे पाहायचे असते तेच तो पाहतो.

रोधक आणि सायलेन्सिंग

फॅकचा कायनेज भाग बंद करण्यासाठी पीएफ-५७३२२८ हा रोधक सहज मिळतो. ०.१, ०.३, १ आणि ३ मायक्रोमोलर अशा मात्रा लावून, त्याच पेशींच्या ब्लॉटवर टायरोसिन ३९७ चा संकेत कोणत्या मात्रेला घटतो हे पाहून, मगच चालीच्या प्रयोगाची मात्रा ठरवावी; दुसऱ्याच्या लेखातली मात्रा उचलून वापरू नये. प्रत्येक कप्प्यात डीएमएसओचे प्रमाण सारखे, ०.१ टक्क्याच्या आत असावे. हा विषय आता केवळ प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही: डिफॅक्टिनिब या फॅक-रोधकाला, अ‍ॅव्हुटोमेटिनिबच्या जोडीने, अमेरिकेच्या एफडीएने मे २०२५ मध्ये केआरएएस जनुकात बदल असलेल्या, उलटलेल्या लो-ग्रेड सीरस अंडाशय-कर्करोगासाठी वेगवान मंजुरी दिली.

एसआयआरएनएने (ठरावीक जनुकाचा संदेश नष्ट करणाऱ्या लहान आरएनए तुकड्यांनी) फॅक घटवणे ही वेगळी कृती आहे आणि तिचा निकाल रोधकाच्या निकालाशी जुळलाच पाहिजे असे नाही. रोधकाने कायनेज थांबते, पण प्रथिन जागेवर असते आणि इतर प्रथिनांना आधार देण्याचे त्याचे काम चालू राहते. एसआयआरएनएने प्रथिनच जाते. दोन वेगवेगळ्या अनुक्रमांचे एसआयआरएनए वापरावेत, ४८ ते ७२ तासांनी फॅक किती घटले हे ब्लॉटवर दाखवावे, आणि शक्य असल्यास एसआयआरएनएला न जुमानणारे फॅक परत घालून चाल पूर्ववत होते का हे पाहावे. परत घालताना साधे फॅक, टायरोसिन ३९७ च्या जागी फिनाइलअ‍ॅलनिन असलेले फॅक आणि कायनेज निकामी केलेले फॅक असे तीन प्रकार घेतले, तर कोणता भाग कशासाठी लागतो हे वेगळे करता येते. संपूर्ण मार्गदर्शिकेतला हाच प्रयोग सर्वाधिक वेळखाऊ आहे आणि परीक्षक नेमका याच्याबद्दल विचारतात.

आकडे एकत्र वाचणे

एका प्लेटमधले सहा कप्पे म्हणजे सहा प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशींवर किमान तीनदा केलेले प्रयोग हीच खरी संख्या. कप्प्यांची सरासरी काढून प्रत्येक दिवसाचा एकच आकडा सांख्यिकीत घालावा.

चाल कमी, फॉस्फो-फॅक कमी, सुरुवातीची पकड जवळपास तशीच आणि नोकोडाझोलनंतर पकडी मोडत नाहीत, असे चित्र आले तर फॅकच्या उलाढालीच्या कामात अडथळा आल्याचे म्हणता येते. चाल कमी, पकडही कमी आणि फॉस्फो-फॅकही कमी असेल, तर दोष फॅकच्या वरच्या पायरीवर, म्हणजे इंटिग्रिनांत किंवा पृष्ठभागात, असण्याची शक्यता अधिक. तिथे फॅकची घट हे कारण नसून परिणाम असतो. चाल कमी असूनही फॉस्फो-फॅक जागच्या जागी असेल तर फॅकचा नाद सोडून अ‍ॅक्टिनकडे किंवा पेशींच्या जिवंतपणाकडे पाहावे. आणि एसआयआरएनएने फॅक जवळपास संपूनही चालीत फरक पडत नसेल, तर त्याच नमुन्यांवर पायक-२ ची अँटिबॉडी लावावी, कारण फॅकच्या अनुपस्थितीत पायक-२ वाढून त्याचे काही काम उचलते. फॅक नसलेल्या उंदरांच्या पेशींत ही वाढ आढळलेली आहे. तशी वाढ दिसली तर दोन्ही एकत्र घटवून तोच प्रयोग पुन्हा करावा.